पेला बदलायची रीत

सुभेदारांनी पिशवीतून आधी पेढ्यांचा पुडा काढला, मग आईसाठी आणलेला खण, आणि सगळ्यात शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. कागद त्यांनी सावकाश सोडवला, घडी घालून खिशात ठेवला आणि बाटली आप्पांच्या पुढ्यात तिवईवर उभी केली.

"कॅन्टीनची हाय, कोट्याची," ते म्हणाले. "फौजेनं पेन्शनीसंगं दिलेली एवढीच चैन. सोडा तर काय, तुमच्या घरचाच. एकेक घेऊया न्हवं, खोराटे?"

पडद्याआड आईनं माझा दंड धरला. तिची नखं रुतत होती, पण माझं सगळं लक्ष आप्पांच्या तोंडाकडे होतं. आप्पांनी बाटलीकडे बघितलंच नाही. ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले, जणू त्या महिन्यातल्या एकादश्या त्यांना आत्ताच पाठ करायच्या होत्या.

उत्तर दिलं ते वसंतमामानं. "घेऊया की. दाजी काय न्हाई म्हणत्यात व्हय?"

मामाला त्या क्षणी मी सोड्याच्या मशीनमध्ये घालून फिरवलं असतं.

गडहिंग्लजला बाजाराच्या मागच्या बोळात आमचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याची शेड, हातानं फिरवायचं एक मशीन, गॅसचं नळकांडं आणि गोटीच्या बाटल्यांच्या पेट्या. पण 'खोराटे सोडावॉटर'ची बाटली फोडली की नाकात झिणझिण्या येत, आणि पोट गच्च झालेली माणसं लांबून येत. पण सोडा काही पोट बिघडलेल्यांनाच लागत नाही. आप्पा परमिट रूमला पेट्या पोचवायचे, आणि पोचवता पोचवता तिथंच टेकायला लागले. आधी बाजाराच्या दिवशी, मग रोज संध्याकाळी, मग दुपारीसुद्धा. शेवटी कावीळ झाली. मिरजेच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की आता हा माणूस पुन्हा प्याला तर इथं आणू नका, येण्याजाण्याचा खर्च वाया जाईल. त्या वर्षी काळभैरीच्या जत्रेला आप्पा डोंगर चढून गेले, देवाचा अंगारा कपाळाला लावला आणि दारू सोडली. जत्रेनंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी झाली. थेंब नव्हता. हात मात्र कापायचे. चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागायची.

आणि आता सुभेदार जोतिराम रेडेकर, माझे होणारे सासरे, आजऱ्याहून बाटली घेऊन आले होते. मुलाची, म्हणजे विलासची, पसंती आली होती. सुपारी पुढच्या रविवारी फुटायची होती. त्याआधी सुभेदार एकटेच 'जरा बोलत बसाय' म्हणून आले होते.

मामा बाटली काखेत मारून स्वयंपाकघरात आला. "शालन, दोन पेले कर चांगलं."

"वसंता, तुझी जीभ झडली का न्हाई?" आईचा आवाज दबका होता, पण त्याला धार होती. "काय बोलून बसलास कळतंय का तुला?"

"आक्का, ऐकून घे. मी त्यास्नी आधीच सांगून ठेवलंय, आमचं दाजी सणासुदीला एखादा घेत्यात म्हणून."

"कशापायी?"

"कशापायी म्हंजे? त्या चिक्कोडीच्या स्थळाचं काय झालं इसरलीस? मुलगी लाखात एक, पण बाप पितो, असा निरोप आला. आता मी शाणा झालोय. एक घेणाऱ्याला कोण दारुडा म्हणत न्हाई. ज्याला एकबी चालत न्हाई, त्यालाच म्हणत्यात. 'सोडलीया' म्हटलं की फुडचा प्रश्न काय, सोडली म्हंजे धरली कधी हुती?"

मामाचं अर्धं आयुष्य नको तिथं तोंड उघडण्यात गेलं, पण हे त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. लोक असंच मोजतात. आई म्हणाली, "मग त्यांच्या पेल्यात कोरा चहा घाल, शालन. रंग तसाच दिसतोय."

"चहा चालायचा न्हाई," मी म्हटलं. "चहावर सोडा वतला की फेस धरतोय, आणि बसता बसत न्हाई. व्हिस्कीवरचा लगेच इरतोय. जन्मभर बघितलेल्या माणसाला कळंल."

हे मला कुठून माहीत, असं आईनं विचारलं नाही. आप्पांच्या पिण्याच्या दिवसांत घरी त्यांचा पेला मीच भरायची. त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचा चालायचा नाही. कसा भरायचा ते त्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना ते अगदी शुद्धीत असायचे. पेला आधी बर्फात पुरून गार करायचा. मग त्यात बर्फाचे मोठे खडे, बारीक चुरा नको, तो विरघळून सगळं पाणी करतो. बर्फावर व्हिस्की. मग पेला तिरका धरून सोडा कडेकडेनं सोडायचा. "सोडा मारायचा नसतोय, शालन, उतरवायचा असतोय. न्हाईतर आम्ही दिवसभर गॅस भरला कशाला?" शेवटी चमचा एकदाच खालून वर. दुसऱ्यांदा ढवळलं तर ते रागवायचे. दारू पिणाऱ्या बापाकडून शिकलेली ही एकच गोष्ट मला चांगली येत होती, आणि ती कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

मी मागच्या दारानं शेडमध्ये गेले. तिथं फळीवर जाळलेल्या साखरेच्या पाकाची बरणी असायची. लग्नसराईत रंगीत सोडा लागायचा, तेव्हा आम्ही तो रंग घालायचो. आप्पा म्हणायचे, दारूवालेही काही वेगळं करत नाहीत, फक्त जास्त पैसे घेतात. बरणी, गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणि सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन मी परत आले.

"वासाचं काय?" मामानं विचारलं. "दोन थेंब टाक. दोन थेंबानं काय हुतंय?"

"थेंब न्हाई."

"मग नुसता काठाला तर फिरव."

"मामा, थेंब न्हाई म्हटलं न्हवं?"

मी इतक्या जोरात बोलले की आईनं बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिकडे सुभेदार सियाचीनच्या थंडीबद्दल काहीतरी सांगत होते आणि आप्पा मध्येच "व्हय, व्हय" करत होते. मी लिंबू घेतलं, विळीवर त्याच्या सालीच्या दोन पातळ पट्ट्या काढल्या, आणि एकेक पट्टी पिळून दोन्ही पेल्यांत टाकली. म्हणजे दोन्हींना आधी लिंबाचाच वास येणार होता. एका पेल्यात बर्फावर व्हिस्की. दुसऱ्यात बर्फावर गार पाण्यात कालवलेला साखरेचा पाक, तेवढाच. उजेडात धरून बघितलं. पाक कमी वाटला म्हणून आणखी पाव चमचा. मग गोटी अंगठ्यानं आत ढकलली, पेला तिरका केला आणि सोडा उतरवला. दोन्ही पेले शेजारी ठेवले तेव्हा माझं मलाच ओळखता येईना. मी आप्पांच्या पेल्यातली साल बाहेर काढून काठावर अडकवली. सुभेदारांची आत राहू दिली.

"साल काठावर हाय त्यो आप्पांचा," मी मामाला बजावलं. "चुकलास तर बघ."

"मी काय दूधपितं पोर हाय?" मामा म्हणाला आणि ताट घेऊन गेला. मुलीनं असले पेले घेऊन पाहुण्यांसमोर जायची पद्धत नव्हती. मी पडद्याला डोळा लावला.

मामा चुकला नाही. काठावर साल असलेला पेला आप्पांच्या पुढे, दुसरा सुभेदारांच्या पुढे. आप्पांनी पेल्याकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळावरची शीर जरा सैल झाली. त्यांना कळलं होतं. आमच्या घरात तो रंग त्यांच्याइतका कुणाला ठाऊक? त्यांनी पेला उचलला. हात कापत होता, बर्फ किणकिणत होता, पण म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा हात कापला तर कोण काय म्हणणार?

"थांबा," सुभेदार म्हणाले.

आप्पा थांबले.

"आमच्या रेडेकरांत एक रीत हाय, खोराटे. सुपारीआधी व्याही-व्याही पेला बदलत्यात. पहिला घोट एकमेकाच्या पेल्यातला घ्यायचा. मग मनात काय किल्मिष ऱ्हात न्हाई."

"असली रीत..." मामा अडखळला. "आमच्याकडं कधी ऐकली न्हाई वो."

"आमच्याकडची हाय," सुभेदार शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

काय करणार होते आप्पा? नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. त्यांनी आपला पेला दिला. सुभेदारांनी आपला त्यांच्या हातात ठेवला. नुसता ठेवला नाही, आप्पांची बोटं त्याभोवती नीट मिटवली. मग त्यांनी आप्पांच्या पेल्यातला घोट घेतला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. घोट त्यांनी लगेच गिळला नाही. तोंडात धरला. मिशी जराशी हलली. मग गिळला. चेहऱ्यावरची एक रेघसुद्धा बदलली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्या माणसाला कळलं होतं, नक्की कळलं होतं. पण ते काठावरची साल बाजूला करून आप्पांकडे बघत बसले.

"घ्या," ते म्हणाले. "घ्या की, तुमचा ऱ्हायला."

आई माझ्या मागे पुटपुटत होती, काळभैरी, काळभैरी. मामा खुर्चीच्या कडेवर आला होता. आप्पांनी पेला वर उचलला. आणि तेव्हा मला दिसलं की त्यांचा हात कापत नव्हता. जत्रेपासून पहिल्यांदा तो हात स्थिर होता. बर्फ किणकिणत नव्हता. पेला नाकापर्यंत आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

मला पुढचं फार विचार करून केल्याचं आठवत नाही. पडदा सरकवून मी बाहेर गेले होते आणि आप्पांच्या हातातून पेला काढून घेतला होता. त्यांची बोटं घट्ट होती, मला ओढावा लागला. थोडी व्हिस्की त्यांच्या धोतरावर सांडली आणि तिचा वास खोलीभर झाला.

"आप्पा पीत न्हाईत," मी म्हटलं. "आधी लई पीत हुते. जत्रेपासनं सोडलीया. तुम्ही प्यालासा ती जळकी साखर हाय, मीच केली. मोडायचं असलं तर खुशाल मोडा, पण ह्यास्नी पाजू नका."

मामानं कपाळावर हात मारला. आप्पा मान खाली घालून धोतरावरचा डाग बघत होते. शेडमध्ये मशीनमधून पाणी ठिबकत होतं, ते घरात ऐकू यायला लागलं.

सुभेदारांनी हातातला पेला उचलला आणि सावकाश, घोट घोट करत, तळाशी बर्फ राहीपर्यंत संपवला. मग रिकामा पेला तिवईवर ठेवला.

"लिंबाची साल कुणाचं डोस्कं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"हं." त्यांनी खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं. मामानं आतून आणलेली बाटली त्यात पुन्हा गुंडाळली आणि पिशवीत घातली. "रविवारी सकाळी येतो, खोराटे. सुपारी, नारळ आम्हीच आणू. तुम्ही खर्चात पडू नका."

जेवण करून सुभेदार शेवटच्या एसटीनं गेले. आप्पा जेवले नाहीत. ते शेडमध्ये गेले आणि कुणाची मागणी नसताना मशीन फिरवत बसले. मी जवळ जाऊन उभी राहिले, पण ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, शरमले असतील. तेवढं मी समजून घेतलं, आणि मनात जरा मिरवलेसुद्धा, की आज मी बापाला वाचवलं.

लग्न झालं. आजऱ्यात माझं चांगलं चाललं. सुभेदार, म्हणजे आता मामंजी, दिवसाला एकच पेला घ्यायचे, दिवेलागणीला, ओट्यावर बसून. लग्नानंतर आठवड्याभरातच त्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं की पेला सूनबाईच्या हातचा पाहिजे, बाकी कुणाला सोडा उतरवता येत नाही. मी रोज तो भरायची. आणि आप्पा सणाला आले की मी बाटली माझ्या ट्रंकेत घालून कुलूप लावायची, किल्ली कनवटीला. त्या दिवशी दोघांनाही जळक्या साखरेचा सोडा. मामंजी एका शब्दानं तक्रार करायचे नाहीत. उलट पेले आले की आप्पाच हसून म्हणायचे, "पाव्हणं, पेला बदला की. तुमची रीत." आणि दोघे पेले बदलायचे. आप्पांना त्यात काय गोडी होती कोण जाणे. पेला बदलला की ते जरा ताठ बसायचे.

दोनेक वर्षांनी माझ्या नणंदेचं, सुरेखाचं, लग्न ठरलं. उत्तूरचे व्याही सुपारीला आले. भटजी झाले, नारळ झाला, पुरणपोळ्या झाल्या. संध्याकाळी पुरुषमंडळी बसली आणि बाटली निघाली. मी आतून पेले भरून दिले आणि वाट बघत राहिले. कुणी पेला बदलला नाही. उत्तूरच्या व्याह्यांनी आपला घेतला, मामंजींनी आपला घेतला. मला वाटलं, विसरले. मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "आत्ती, पेला बदलायचा ऱ्हायला की."

"कसला पेला?"

"रेडेकरांची रीत न्हवं का, सुपारीला व्याह्यांनी पेला बदलायची?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "खुळी का काय तू? उष्टं प्यायची कसली आलीया रीत? ह्या घरात आल्याला माझा जन्म गेला, मी कधी न्हाई बघितली."

मी पोळपाट पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते. पाहुणे गेले, घर आवरलं, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी नेहमीसारखा पेला भरला आणि ओट्यावर नेला. मामंजींनी हात पुढे केला. मी पेला दिला नाही.

"आमच्या घरी सांगितलेली रीत खोटी हुती," मी म्हटलं.

त्यांनी नाकारलं नाही. एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन, त्या माणसानं मला कधी खोटं सांगून टाळलं नाही. तेवढं एकदाच खोटं बोलले, आणि तेही ठरवून.

"गडहिंग्लजात माझा एक जुना सोबती हाय," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं हुतं, खोराटे पीत हुता, आता सोडलीया म्हणत्यात. खरं खोटं देव जाणे. म्हटलं, आपण बघावं."

"म्हणून बाटली घेऊन आलासा?"

"व्हय."

"आणि पेल्यात साखर हाय हे कळल्यावर? तेव्हा तर समजलं न्हवं, सोडलीया ते?"

"साखर तू घातल्याली. त्यांनी न्हवं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "परीक्षा खोट्या गोळीनं हुत न्हाई, शालन. समोर खरी ठेवावी लागतीया."

माझ्या डोळ्यांसमोर ती संध्याकाळ उभी राहिली. आप्पांची बोटं पेल्याभोवती मिटवणारे हे हात. नाकापर्यंत गेलेला पेला. मी बाहेर आले नसते तर मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं झालं असतं, आणि हा माणूस समोर बसून बघत राहिला असता, कवायत बघावी तसा. दोन वर्षं मी त्यांना देवमाणूस समजत होते. रोज त्यांचा पेला भरत होते.

"आणि मी आले नसते तर?"

मामंजींनी माझ्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. "तर प्याले असते," ते म्हणाले.

"आणि तुम्ही पिऊ दिली असती."

"व्हय." मग म्हणाले, "मग ही सोयरीक झाली नसती. पण तू आलीस बाहेर. बापाची परीक्षा घ्यायला गेलो आणि पोरगीच बघून आलो."

त्यांना वाटलं असेल की हे ऐकून मला बरं वाटेल. मी ओट्यावरून खाली उतरले, तो पेला गटारात ओतला, धुतला आणि फळीवर पालथा घातला. त्या दिवसापासून मी त्यांचा पेला भरला नाही. त्यांनी मागितलाही नाही. स्वतःच भरून घ्यायला लागले, आणि सोडा मारायचे. फेस ओट्यावर सांडायचा.

दिवाळीला आप्पा आले. मी ठरवलंच होतं, या वेळी त्यांना सगळं सांगायचं. ज्या माणसासमोर तुम्ही ताठ बसता, त्यानं तुम्हाला सापळ्यात धरलं होतं, हे त्यांना कळायला पाहिजे होतं. मामंजी काही कामानं पेठेत गेले होते. मी बाटली ट्रंकेत घातली, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि आप्पांच्या शेजारी ओट्यावर येऊन बसले.

"आप्पा, पेला बदलायच्या त्या रीतीचं एक सांगायचं हाय."

"चांगली रीत हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "मी कधी बोललो न्हाई तुला. त्या दिवशीबी बोलाय पायजे हुतं, पण जीभ उचलंना. शालन, कावीळ झाल्यापासनं माझ्या हातातनं सगळ्यांनी काढूनच घेतलं. तुझ्या आईनं, डॉक्टरांनी, वसंतानं. परमिट रूमवाल्यानं पेट्या आणाय दुसरा माणूस लाव म्हणून सांगितलं. मला सोड्याची पेटी पोचवायची बी चोरी झाली. आणि ह्या माणसानं भरलेला पेला माझ्या हातात दिला. बोटं मिटवली. म्हंजे त्यास्नी वाटलं न्हवं, ह्यो माणूस धरू शकतोय म्हणून?"

मी एवढंच विचारलं, "मी आले नसते तर?"

आप्पा हसले. दोन वर्षांत त्यांचे हात बरेच स्थिर झाले होते. ते त्यांनी गुडघ्यांवर पसरून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"वास घेतला, एवढं खरं," ते म्हणाले. "डोळं मिटून एकदाच घेतला. मला वाटतंय, मी पेला खाली ठेवणार हुतो. लई वाटतंय. पण तू वडून घेतलास. आता ते कधी कळायचं न्हाई."

दोन वर्षं मी मिरवलं होतं की मी बापाला वाचवलं. आणि बाप दोन वर्षं एका प्रश्नाचं उत्तर शोधत होता, जे मीच त्याच्या हातातून ओढून घेतलं होतं. मामंजींनी खात्रीनं सांगितलं होतं, प्याले असते. मीही तेच धरून चालले होते. सापळा लावणारा आणि वाचवणारी, आमचं दोघांचं आप्पांबद्दलचं मत एकच होतं, आणि मला त्याची लाज वाटली.

"ठेवला असतासा, आप्पा," मी म्हटलं. "खाली ठेवलाच असतासा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खरं बोलत होते की समजूत काढत होते हे ते तपासत होते. मला स्वतःलाही तेव्हा नक्की माहीत नव्हतं.

तेवढ्यात मामंजी पेठेतून आले. मी उठून आत गेले आणि बऱ्याच दिवसांनी पुन्हा दोन पेले बर्फात पुरले. जळकी साखर, लिंबाची साल, सोडा कडेकडेनं. बाहेर नेऊन दोघांच्या पुढ्यात ठेवले. मामंजींनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रीतीचं मी आप्पांना सांगितलं की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी त्यांना काही कळू दिलं नाही.

"पाव्हणं," आप्पा म्हणाले, "बदला की."

मामंजींचा हात पुढे आला. या वेळी किणकिणला तो त्यांच्या पेल्यातला बर्फ.

त्या मुक्कामात आप्पा माजघरात झोपले. दिवा मालवण्याआधी मी ट्रंक उघडली, बाटली काढली आणि माजघरातल्या फळीवर तिच्या नेहमीच्या जागी ठेवली. किल्ली खुंटीला अडकवली. विलासनं विचारलं, कुलूप लावलं नाहीस? मी म्हटलं, नाही.

झोप लागली नाही हे खरं आहे. पण सकाळी उठून त्या बाटलीतली दारू कुठवर आहे, ते मी बघितलं नाही.